टेकडीवरचा स्तंभ आणि घरचे दप्तर

दिल्लीत बदलून येणाऱ्या मराठी माणसाला हिंदूराव हे नाव प्रथम भेटते ते बहुधा इस्पितळाच्या पाटीवर. सब्जीमंडीच्या बाजूने उत्तरेकडील टेकडी चढू लागले की किकरीच्या रानातून रस्ता वर जातो आणि महानगरपालिकेचे ते मोठे रुग्णालय समोर येते. नाव ऐकून आपल्याकडील कोणा सरदाराचे असावे असे नवख्याला वाटते, आणि ते खरेच आहे. शहरातील बाडा हिंदूराव या वस्तीलाही त्याच गृहस्थांचे नाव राहिले आहे. मात्र नावामागचा पुरुष कोण, हे दिल्लीत दहा-दहा वर्षे काढलेल्या आमच्या मंडळींनाही नीटसे ठाऊक नसते.

हिंदूराव हे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले. ज्यांच्या नुसत्या नावाने १७९८ च्या सुमारास पुण्यातील सावकारांच्या अंगावर काटा उभा राही, त्या सर्जेराव घाटग्यांचे हे पुत्र, आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. दौलतरावांच्या पश्चात बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावी लागली, आणि त्या उलथापालथीच्या काळात हिंदूराव दिल्लीस येऊन स्थिरावले. टेकडीवरचा प्रशस्त बंगला कंपनी सरकारचे दिल्लीतील प्रमुख अधिकारी विल्यम फ्रेझर यांचा. २२ मार्च १८३५ रोजी फ्रेझर यांचा गोळी घालून खून झाला, आणि बंगला हिंदूरावांकडे आला. एका सत्ताधाऱ्याच्या इतमामास शोभेल अशा मापाने बांधलेली वास्तू एका खाजगी गृहस्थाने राहण्यासाठी घेतली, असा तो व्यवहार होता. हिंदूराव १८५७ पूर्वीच निवर्तले होते. त्या वर्षी टेकडीवर ठाण मांडून बसलेल्या इंग्रजी फौजेने मेजर रीड यांच्या हाताखालील गुरखा पलटण याच घरात ठेवली, आणि शहराच्या तटावरून सुटणारे तोफगोळे त्या भिंतींनी अनेक आठवडे सोसले. इंग्रजी इतिहासग्रंथांत हिंदूरावांचे नाव येते ते प्रायः या मोर्चाच्या निमित्ताने; कागलच्या घाटग्यांशी त्याचा संबंध सांगण्याची गरज त्या ग्रंथकारांना क्वचितच वाटली आहे.

परंतु आम्हांस आज वाचकांस न्यावयाचे आहे ते त्या घरात नव्हे, तर त्याच्या जवळच उभ्या असलेल्या एका दगडी स्तंभापाशी. हा अशोकाचा स्तंभ मूळचा मेरठचा. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो दिल्लीस आणून टेकडीवरच्या आपल्या शिकारमहालात उभा केला. अशाच दुसऱ्या, टोपरा गावच्या स्तंभाच्या प्रवासाचे वर्णन त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे: स्तंभ सावरीच्या कापसाच्या गाद्यांवर अलगद आडवा केला, वेत व कच्च्या चामड्याने वेढून घेतला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविला आणि यमुनेतून नावांवर घालून आणला. टपालाने येणारी नाजूक वस्तू आज पुठ्ठ्याच्या खोक्यात नुसत्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत पाठविणाऱ्या दुकानदारांनी हे वर्णन वाचण्यासारखे आहे. टेकडीवरचा स्तंभ मात्र पुढे दुर्दैवी ठरला. फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, जवळच्या दारूखान्याचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले. ते शतकाहून अधिक काळ तसेच पडून होते. लेखाचा भाग करवतीने कापून कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीकडे नेण्यात आला, पुढे परत आला, आणि १८६७ साली तुकडे सांधून स्तंभ पुन्हा उभा राहिला. सांधे आजही दिसतात, आणि अक्षरे पुष्कळ ठिकाणी झिजून गेली आहेत.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, स्तंभ फुटला तरी त्यावरील मजकूर गेला नाही. अशोकाने आपले सहा लेख एका दगडाच्या भरवशावर टाकले नव्हते. टोपरा, मेरठ, आज अलाहाबादच्या किल्ल्यात असलेला स्तंभ, आणि बिहारातील लौरिया अरराज, लौरिया नंदनगढ व रामपुरवा, अशा सहा ठिकाणी तेच लेख कोरलेले आहेत. एकावर वीज पडली, दुसऱ्यापाशी दारू उडाली, तिसऱ्यावर कोणा बादशहाने आपली वंशावळ खोदली, तरी एका ठिकाणी गेलेले अक्षर दुसऱ्या ठिकाणी मिळते. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ही लिपी उलगडली तेव्हा दिल्ली, अलाहाबाद व बिहार येथील लेख एकच आहेत हे ध्यानात येणे त्यांच्या फार उपयोगी पडले. उलट सातवा लेख पाहावा. जेथे जेथे शिलास्तंभ वा शिलाफलक असतील तेथे हा लेख कोरावा, म्हणजे तो चिरकाल टिकेल, अशी आज्ञा त्यात आहे. आणि नेमका तोच लेख आज फक्त टोपऱ्याच्या स्तंभावर, म्हणजे दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात मिळतो. दारू जर टेकडीऐवजी कोटल्यात उडाली असती, तर तो आपणांस कदाचित कधीच वाचावयास मिळाला नसता.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे. आमच्या मंडळींच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. घरातील छायाचित्रे, मुलांच्या मुंजी-लग्नांचे चलच्चित्रपट, वडिलांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे, गावच्या वाड्याची व जमिनीची कागदपत्रे हे सर्व आता आकड्यांच्या रूपात साठवावे लागते, आणि ते वर्षागणिक फुगत जाते. दर दोन-तीन वर्षांनी बदली. सरकारी निवासस्थान लहान. अशा वेळी मोठमोठ्या कंपन्यांच्या माहितीकोठारांसाठी बनविलेली वीस-बावीस टेराबाइटची एकच हार्ड डिस्क घ्यावी आणि कायमचे निश्चिंत व्हावे, असे पुष्कळांच्या मनात येते. हिंदूरावांनी फ्रेझरचा बंगला घेतला, तसाच हा थोडासा प्रकार आहे: दुसऱ्याच्या मोठ्या कामासाठी बांधलेली वस्तू घरासाठी घेणे. ती घ्यावी की न घ्यावी, आणि घेतल्यास कशी, याचा विचार इतिहासाच्या अंगाने करण्यासारखा आहे. कारण कागद राखण्याच्या बाबतीत मराठी माणसाचा अनुभव लहान नाही.

दप्तर हा शब्द आपण फार्सीतून घेतला, आणि फार्सीतला तो मूळ ग्रीक भाषेतील कातड्याच्या अर्थाचा असल्याचे सांगतात. आज तो शाळकरी मुलाच्या पाठीवर जाऊन बसला आहे, ही गोष्ट निराळी. पेशवाईत दप्तर म्हणजे राज्याची स्मृती. कागद रुमालात बांधावयाचे, रुमाल फडताळात रचावयाचे, आणि फडणिसाने त्यांवर नजर ठेवावयाची. रुमालांची संख्या हजारोंनी मोजावी लागे. म्हणजे कोठार मोठे नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु १७६३ साली निजामाच्या फौजांनी पुणे लुटले तेव्हा सिंहगडाकडे हलविलेल्या कागदांपैकी पुष्कळ कागद गडाच्या पायथ्याशी जळाले, आणि त्याआधीच्या काळातील किती गोष्टी त्या आगीत गेल्या याचा हिशेब लागणे शक्य नाही. जे पुढे उरले त्यातूनच रियासतकार सरदेसायांनी १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. यावरून जळालेल्या भागात काय असेल याची कल्पना वाचकाने करावी.

याच्या उलट उदाहरण आपल्या, म्हणजे दिल्लीत नोकरीस असलेल्या मराठी माणसांच्या, विशेष जिव्हाळ्याचे आहे. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे. बादशहाच्या दरबारात काय चालले आहे, कोणता अमीर कोणाकडे झुकतो आहे, कोणाचा पैसा कोठे अडला आहे, हे सर्व ते लिहून पाठवीत. त्या काळातील दिल्लीवर एकामागून एक संकटे आली. नादिरशहा आला, अब्दाली आला, गुलाम कादिर आला. दिल्लीतील घरे व त्यांतील कागद यांचे काय झाले असेल ते सांगावयास नको. तथापि दिल्लीची ही हकिगत वाचली, ती महाराष्ट्रात. काही हिंगण्यांच्या स्वतःच्या संग्रहात राहिली आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने हिंगणे दप्तर म्हणून छापली. पत्रे ज्यांना गेली त्यांच्याकडच्या कागदांतून पारसनिसांनी दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे प्रसिद्ध केली. लिहिणाऱ्याकडे नक्कल आणि घेणाऱ्याकडे अस्सल, ही त्या काळच्या पत्रव्यवहाराची साधी रीत. राजवाडे आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांना गावोगावच्या माळ्यांवर इतिहास सापडला, तो याच रीतीमुळे. एकाच मोठ्या वाड्यात सारे कागद असते, तर त्या वाड्याच्या आगीबरोबर किंवा वारसांच्या भांडणाबरोबर सारेच संपले असते.

आता यंत्रांकडे वळू. फिरत्या तबकडीवर चुंबकाने लिहिण्याची युक्ती बाजारात आली १९५६ साली. आयबीएम कंपनीचे ते रॅमॅक यंत्र: दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन एक टनाहून अधिक, आणि एवढे करून त्यात मावत ती पन्नास लाख अक्षरे. कंपन्या ते विकत न घेता भाड्याने घेत. आजची वीस टेराबाइटची डिस्क तळहातावर राहते आणि तिच्यात रॅमॅकच्या सुमारे चाळीस लाखपट मजकूर मावतो. हे साध्य होण्यासाठी तबकड्या पातळ झाल्या, एका पेटीत नऊ-दहा बसू लागल्या, आणि त्या इतक्या जवळ आल्या की हवेचा अडथळाही जाचू लागला. म्हणून २०१३ पासून पेटी सीलबंद करून आत हेलियम वायू भरण्याची पद्धत सुरू झाली. वाचणारे टोक तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा कणदेखील त्याच्या दृष्टीने डोंगर होय.

कंपन्यांसाठी केलेल्या या डिस्कचे गुण खरे आहेत. ती वर्षभर रात्रंदिवस फिरण्यासाठी बांधलेली असते; शेजारच्या डझनभर डिस्कचा थरकाप सहन करते; वर्षाला साडेपाचशे टेराबाइटची उलाढाल चालेल असे उत्पादक सांगतात; हमी बहुधा पाच वर्षांची. पंचवीस लाख तासांचा जो एक आकडा पत्रकावर असतो, त्याने मात्र भल्याभल्यांची समजूत चुकते. पंचवीस लाख तास म्हणजे दोनशे पंच्याऐंशी वर्षे. पण ते एका डिस्कचे आयुष्य नव्हे. एक हजार डिस्क चालू असतील तर वर्षात तीन-चार बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात प्रमाण याहून अधिक पडते: बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या कोठारातील डिस्कचे आकडे २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे, आणि त्यांवरून वर्षाला शंभरात एक-दोन असा अंदाज करता येतो. ज्याच्याकडे लाखो डिस्क आहेत त्याला हा केवळ हिशेबाचा भाग. ज्याच्याकडे एकच आहे त्याला शेकडेवारीचा उपयोग नाही. त्याची डिस्क एक तर चालते किंवा चालत नाही.

घरासाठी घेताना काही गोष्टी पाहाव्यात. या डिस्क दोन प्रकारच्या जोडणीच्या मिळतात. सॅटा जोडणीची घरच्या संगणकाला लागते, सॅस जोडणीची लागत नाही, आणि स्वस्त दिसणारी पुष्कळदा दुसऱ्या प्रकारची असते. काही डिस्कना वीजपुरवठ्याच्या एका तारेवरून बंद करण्याची सोय असते, आणि जुन्या संगणकात जोडल्यावर त्या फिरतच नाहीत. माल खराब निघाला असे समजून परत करण्यापूर्वी हे तपासावे. आवाज बराच असतो. दोन खोल्यांच्या निवासस्थानात तो रात्री जाणवतो. मे महिन्यातील दिल्लीत बंद कपाटात ठेवणे तर नकोच. मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या घेणाऱ्या यंत्रास वारा हवा, आणि वीज एकाएकी जाणाऱ्या वस्तीत यूपीएसही हवे.

नेहरू प्लेसच्या बाजारात, तसेच दूरध्वनीवरून मागणी घेणाऱ्या दुकानांतही, परदेशातून आलेला असा माल मिळतो की ज्यावर भारतात हमी नसते. विक्रेता स्वतःची म्हणून एक वर्षाची हमी देतो. ती त्याचे दुकान असेतोवर खरी. उत्पादकाकडे क्रमांक कळवून हमीची मुदत विचारावी, हे उत्तम. २०२५ च्या आरंभी युरोपात असे उघडकीस आले की, हजारो तास वापरलेल्या मोठ्या डिस्क वापराची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. पण त्या डिस्कच्या पोटात दुसरी एक नोंद असते, ती पुसणे या लोकांना साधले नव्हते. खतावणीत खाडाखोड केली तरी रोजकीर्द बोलते, हे आपल्या जुन्या कारकुनांना ठाऊकच होते. तेव्हा डिस्क घरी आल्यावर प्रथम दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात, आणि मग तिच्यावर पहिले अक्षर लिहावे. मुळात हा बाजारही वाटतो तितका स्थिर नाही. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथील कारखाने बुडाले, आणि जगभर डिस्कच्या किमती काही आठवड्यांतच भडकल्या; पुढे कित्येक उत्पादनांची हमीही आखूड झाली.

इतके पाहून घेतली, तरी एक डिस्क ती एकच. या ठिकाणी एक जुना निबंध आठवतो. १९८८ साली बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी असे मांडले की, एक मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी पुष्कळ स्वस्त लहान डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांत जादा नोंद अशी ठेवावी की एक गेली तरी मजकूर पुन्हा उभा करता यावा. रेड या नावाने ही पद्धत आज सर्वत्र चालते, आणि घरासाठीही अशा दोन-चार डिस्कची पेटी मिळते. पेटी चांगली. पण वीस टेराबाइटची गेलेली डिस्क पुन्हा भरून काढण्यास जवळजवळ एक दिवस-रात्र लागते, आणि तेवढा वेळ उरलेल्यांवर सारा भार असतो. दुसरे असे की, पेटी चोरीस गेली, वरच्या मजल्यावरची टाकी फुटली, किंवा घरातीलच कोणी चुकून सारे पुसले, तर आतील सर्व प्रती एकदमच जातात.

याचे उदाहरणही दिल्लीतच आहे. मिर्झा गालिब स्वतःच्या कवितांची वही ठेवीत नसत. नवाब झियाउद्दीन अहमद खाँ आणि हुसेन मिर्झा हे दोन स्नेही त्यांची कविता उतरवून घेत. म्हणजे प्रती दोन होत्या, घरेही दोन होती. परंतु दोन्ही घरे दिल्लीत होती. १८५७ साली टेकडीवरील हिंदूरावांच्या घरापाशी ठाण मांडलेली फौज शहरात शिरली आणि लुटालुटीत दोन्ही संग्रह गेले. पुढे एका फकिराच्या तोंडून आपलीच गझल ऐकून ती कागदावर लिहून घेण्याची वेळ कवीवर आली, असे त्यांनीच पत्रात लिहिले आहे. उर्दू दिवाण १८४१ सालीच छापून गावोगाव गेला होता, म्हणून पुष्कळ वाचले.

म्हणून आमचे मत असे आहे की, मोठी डिस्क जरूर घ्यावी, पण एका मोठ्या डिस्कच्या पैशांत दोन मध्यम बसत असतील तर दोन घ्याव्यात, आणि त्या एका छपराखाली ठेवू नयेत. बहुतेक कुटुंबांचा मजकूर मोजून पाहिला तर चार-पाच टेराबाइटच्या पलीकडे जात नाही. वीसचा मोह दुकानातच होतो. एक प्रत दिल्लीत रोजच्या वापरात असावी. दुसरी साताऱ्यास, नागपुरास, बेळगावास, जेथे आपले माणूस असेल तेथे. दिवाळीला किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी जाताना ताजी प्रत न्यावी आणि जुनी परत आणावी, म्हणजे हिंगण्यांची रीतच निराळ्या वाहनातून पाळल्यासारखे होईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात मुठेकाठच्या घरांतील संसार व कागद वाहून गेले; तेव्हा गावातील घर म्हणजेही अभेद्य गड नव्हे, हे ध्यानात असू द्यावे आणि जी थोडी अत्यंत मोलाची कागदपत्रे असतील त्यांची तिसरी प्रत आणखी कोठे तरी ठेवावी. वर्षातून एकदा दोन्ही प्रतींचा मेळ घालावा. प्रत्येक मजकुराची एक ठराविक बेरीज काढून ती दोन्हीकडे सारखी येते की नाही हे पाहणारी साधने फुकट मिळतात. कपाटात नुसती पडून राहिलेली डिस्क दहा वर्षांनी फिरेलच असा भरवसा नसतो. पाच-सहा वर्षांनी मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घ्यावाच लागतो, जसे जीर्ण बखरीवरून नवी नक्कल करीत.

एवढे केल्यावर एक काम उरते, आणि ते कोणत्याही डिस्कच्या आवाक्यातले नाही. फिरोजशहाने स्तंभ एवढ्या खटपटीने दिल्लीस आणले, पंडितांना बोलावून लेख वाचावयास सांगितले, आणि एकालाही ते वाचता आले नाहीत. दगड शाबूत होता, अक्षर स्पष्ट होते, पण वाचणारा नव्हता. तो मिळण्यास आणखी सुमारे पाच शतके जावी लागली. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद आहेत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली, आणि त्या कागदांची छायाचित्रे कितीही सुबक काढून ठेवली तरी नातवाला त्या नुसत्या रेघोट्याच दिसणार. तेव्हा डिस्क विकत घेण्याच्या आधीच्या सुटीत, ज्यांना मोडी येते अशा गावच्या एखाद्या वयोवृद्ध गृहस्थांकडे किंवा पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात विचारपूस करून कागद वाचून घ्यावेत, कोणते पत्र कोणी कोणास कधी लिहिले हे बाळबोधीत उतरवून त्या छायाचित्राशेजारीच ठेवावे. फोटोंतील माणसांची नावेही आईला किंवा आत्याला विचारून आताच लिहून घ्यावीत. १९६० च्या सुमारास करोलबागेतील एखाद्या भाड्याच्या खोलीत काढलेल्या गटाच्या छायाचित्रात डावीकडून तिसरे कोण, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.